जोंगात बोलेरोचं इंजिन बसेल का?

आजऱ्याचा जोंगावाला

राम राम मंडळी. गाडी जोंगा, म्हणजे लष्कराची जुनी फोर-व्हील जीप, जबलपूरच्या कारखान्यातली. लष्कराच्या लिलावातून निघालेली, मी तिसरा मालक. कागद चोख आहेत, आरसीवर पेट्रोल लिहिलंय. मूळचं ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं निस्सान इंजिन अजून जागेवर आहे आणि चालूही आहे. दुखणं एकच, पिते. लिटरला चार, त्याच्यावर कधी गेली नाही. आजऱ्याहून आंबोलीला जाऊन आलं की सत्तरएक किलोमीटरला सतरा-अठरा लिटर गेले म्हणून समजा. बायको म्हणते, यापेक्षा घोडं पाळा.

शेत डोंगराच्या अंगाला आहे. घनसाळचं भात आणि वरच्या बाजूला काजू. पावसाळ्यात ट्रॅक्टरशिवाय तिथं कोण जात नाही, जोंगा जाते. म्हणून विकायची नाही.

तर गडहिंग्लजला भंगारात एक ठोकलेली बोलेरो आलीया. डीआय टर्बो, २५२३ सीसी. इंजिन-गिअरबॉक्स मिळून ६५ हजार म्हणतोय, १० हजार इसार देऊन ठेवलाय. आमचा मिस्त्री म्हणतो आठ दिवसांत बसवून देतो, वर म्हणतो डिझेलचा दम पेट्रोलला येत नाही, आता फक्त घाटात मजा बघा.

साखर कारखान्याच्या काट्यावर नेऊन वजन केलं. रिकामी, अर्धी टाकी, १,७६० किलो. एवढं धूड ते इंजिन ओढेल का? गाडीत २४ व्होल्टचं वायरिंग आहे, त्याचं काय करायचं? ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगावं. "करू नका" एवढंच सांगायचं असेल तर कारणासकट सांगा.

मल्टिजेट_फॅन

दादा, बोलेरो कशाला? स्विफ्टचं १३०० डिझेल टाका. १२४८ सीसीत १९० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) आहे, म्हणजे बोलेरोपेक्षा जास्त. वजन निम्मं, मायलेज १५. जिप्सीत टाकलेले किती व्हिडिओ आहेत.

सुभेदार_ईएमई_सातारा

आजरेकर, नमस्कार. मी २४ वर्षं ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होतो, त्यातली बरीचशी जोंगा आणि निस्सान वनटनच्या खाली उताणं पडून गेली. आता साताऱ्यात घरामागं छोटं शेड आहे. कारणासकट सांगा म्हणालात, म्हणून लांबण लावतो.

आधी मिस्त्रीचं वाक्य घ्या. डिझेलचा दम पेट्रोलला येत नाही, हे त्यानं आयुष्यभर ८०० आणि १००० सीसीची पेट्रोल इंजिनं बघून ठरवलंय. तुमचं पेट्रोल चार लिटरचं आहे. ते स्वभावानं ट्रॅक्टर आहे. ११० अश्वशक्तीच्या घरात ताकद, टॉर्क अडीचशे न्यूटन मीटरच्या वर, आणि तोही अगदी खालच्या फेऱ्यांपासून. टर्बोवाल्या बोलेरोचा टॉर्क १८०, ताकद ६३. म्हणजे तुम्ही ताकद तर निम्म्याला आणताच, ज्या टॉर्कसाठी लोक डिझेल घेतात तोही पाऊण हिश्शाच्या खाली येतो. छोटं डिझेल मोठ्या पेट्रोलच्या जागी घातलं की दम वाढतो, हा गैरसमज आहे. गाडी कमी पिते, कारण ती कमी काम करते, हे त्यातलं अर्धं कारण.

बोलेरोचं इंजिन मात्र वाईट नाही हो. त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ८८.९ मिलिमीटर, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १०१.६. इंचात काढा, साडेतीन आणि चार. असे गोल आकडे का, तर त्याचं मूळ इंटरनॅशनल कंपनीच्या जुन्या ट्रॅक्टर इंजिनात आहे. साधं, ओतीव लोखंडाचं, गावातल्या कुठल्याही मिस्त्रीला उघडता येईल असं.

मल्टिजेटवाले भाऊ, १९० चा आकडा खरा, पण तो २००० फेऱ्यांना येतो. खाली टर्बो झोपलेला असतो तेव्हा हातात उरतात नुसते १२४८ सीसी. पावणेदोन टनांची गाडी दगडावर चाक टेकवून ९०० फेऱ्यांवर उभी असते, तिथं ते इंजिन बंद पडतं. क्लच घासून चढवावी लागते आणि क्लच जळतो. वर कॉम्प्युटर, सेन्सर, चावीचा कोड. जिप्सी हजार किलोच्या आसपासची गाडी, तिला ते शोभतं.

आजरेकर, मला आधी तीन गोष्टी मोजून सांगा. एक: मागची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल करा. दोन्ही चाकं बरोबरीनं एक फेरी फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडं जाणारा दांडा) किती फिरतो ते खडूची खूण करून मोजा. दोन: टायरवर आणि जमिनीवर खूण करून गाडी चाकाच्या एका फेरीइतकी ढकला, अंतर टेपनं घ्या. तीन: ती बोलेरो टू-व्हील आहे की फोर-व्हील?

नाशिकचा_पोऱ्या

सुभेदार काका बोलले ते १०० टक्के. मी केलंय हे, म्हणून लिहितो. माझ्या जोंगात मी त्याहून बारकं घातलं होतं, जुन्या जीपमधलं प्युजोचं एक्सडीपी ४.९०. त्या नावातच सगळं आहे, चार सिलिंडर, ९० चा बोअर, २११२ सीसी. मिळालं स्वस्तात, २२ हजाराला. म्हटलं जीप ओढतं तर जोंगा का नाही.

ओढायचं ते सोडा, मला रडवलं अडॅप्टर प्लेटनं. इंजिन एकाचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, मध्ये लोखंडाची प्लेट. ज्या गॅरेजमध्ये केलं त्याचं नाव घेत नाही. त्यांनी मोजमाप कसं घेतलं सांगू? बेलहाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या भागाच्या, तोंडाला ग्रीस फासलं, त्यावर वर्तमानपत्राचा कागद दाबला, ठसा उचलला आणि तो प्लेटवर चिकटवून ड्रिल मारलं. बोल्ट बसले, मी खूश. पेढे वाटले.

३०० किलोमीटरनंतर क्लच दाबला की कुर्र कुर्र आवाज. म्हणे रिलीज बेअरिंग. बदललं. आवाज तसाच. मग टॉप गिअर आपोआप निसटायला लागला. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की खट्, गाडी न्यूट्रल. इगतपुरीच्या अलीकडं एकदा माझ्या मागं ट्रक होता, तेव्हा देव दिसला. शेवटी १,१०० किलोमीटरला उतरवलं. क्रँकच्या मागच्या टोकात जो पितळी बुश असतो, ज्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक फिरतं, तो बुशच नव्हता. त्याच्या जागी सोनेरी भुगा. चिमटीत धरला तर रांगोळीसारखा. क्लच प्लेटच्या चारपैकी दोन स्प्रिंगा तुटून आत वाजत होत्या.

अंबडला एका जुन्या टूलरूमवाल्या काकांनी फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक फरक मोजायचं घड्याळ) लावून फिरवलं. गिअरबॉक्सचं केंद्र क्रँकच्या केंद्रापासून पाऊण मिलिमीटर खाली होतं. पाऊण! डोळ्याला दिसतसुद्धा नाही. नवी प्लेट केली, डॉवेल पिना मारल्या, पुन्हा १८ हजार गेले. आवाज बंद. पण कसारा घाटात सेकंडला २५ ची स्पीड, मागं हॉर्नची वरात, ते आजतागायत आहे.

आजऱ्याचा जोंगावाला

सुभेदारसाहेब, मोजलं. पोराला खाली घातला होता. शाफ्ट चार फेऱ्या पुऱ्या आणि एक दहावा हिस्सा वर. टायर ७.५०-१६, चाकाच्या एका फेरीला गाडी २ मीटर ४३ सेंटिमीटर जाते. बोलेरो टू-व्हील आहे. त्यानं काय फरक पडतो?

सुभेदार_ईएमई_सातारा

सगळाच फरक पडतो. मिस्त्री गिअरबॉक्ससकट बसवणार म्हणाला ना? टू-व्हील बोलेरोच्या गिअरबॉक्सला मागं ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद वाटणारी पेटी, नसते. तो तसाच बसवला की तुमची पुढची चाकं ओढायची बंद. मग काजूच्या बागेत ट्रॅक्टरच बोलवा. म्हणजे गिअरबॉक्स जोंगाचाच ठेवायचा आणि प्लेट करायची, नाशिकच्या पोरानं सांगितलं तशी डायल गेजवर. आणि क्लच प्लेट बोलेरोच्या मापाची, पण मधलं हब जोंगाच्या स्प्लाइनचं (शाफ्टवरच्या खाचांच्या मापाचं) काढून त्यात रिव्हेट करायचं. क्लचवाल्यांकडं हे होतं. कुणी फोर-व्हीलचा अख्खा सेट घ्या म्हणालं तर आधी वाकून पुढच्या डिफरन्शियलचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघा. ट्रान्सफर केसचं तोंड त्याच बाजूला नसेल तर शाफ्ट जाणार कुठून?

आता तुमचे आकडे. ४.१ चं डिफरन्शियल, २.४३ मीटरचं चाक. टॉपला ताशी ६० वर इंजिन साधारण १,७०० फेरे मारतं. शंभर मीटरला सहा मीटर चढाचा घाट घ्या, माणसं आणि पोती धरून २,२०० किलो. ६० ची स्पीड टिकवायला चाकांशी २०० किलोचा रेटा लागतो. बोलेरोचं इंजिन टॉपला देईल १६५. तुमचं आत्ताचं पेट्रोल देतं २३० च्या आसपास. तुम्ही आंबोलीला टॉपवरच चढत असाल आणि तुम्हाला त्याचं काही वाटतही नसेल. डिझेल टाकल्यावर गिअर उतरवल्याशिवाय चढणार नाही. उतरवला की चढेल, कारण ६० ला लागणारी ताकद पन्नास-पंचावन्न अश्वशक्ती, ती त्याच्याकडं आहे. ४० नं गेलात तर पस्तीसच लागते. पण ती ताकद येते वरच्या फेऱ्यांना, त्यामुळं अख्खा घाट इंजिन बोंबलत राहील.

चिखलात मात्र वेगळं. लो रेशोत (ट्रान्सफर केसच्या हळू पण जोराच्या गिअरात), पहिल्या गिअरला, कुठलंही इंजिन पुरतं. उलट तिथं डिझेलचा खरा फायदा आहे, तो कुणी सांगत नाही: पंपाला गव्हर्नर असतो. पाय काढून घेतला तरी तो फेरे पडू देत नाही, गाडी म्हशीसारखी आपली आपण दगडावरून चालत राहते. आणि डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा) नाही, त्यामुळं ओढ्यातून जाताना भिजून बंद पडायचं भय नाही. हवा ओढायच्या तोंडातून पाणी आत गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकणार, ते पेट्रोल-डिझेल दोघांनाही चुकत नाही.

बाकीची कामं मिस्त्री सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. सहाचं काढून चारचं घातलं की इंजिन आखूड. ते गिअरबॉक्सला चिकटून मागं बसणार आणि रेडिएटर राहणार पुढं एकटा. मध्ये हातभर पोकळी. पंखा तिथून काय हवा ओढणार? श्राउड (पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं) करा नाहीतर विजेचे पंखे. पंप जादा डिझेल परत पाठवतो, त्याला टाकीत परतीची नळी लागते, तुमच्या टाकीला ती नाही. जुनी पेट्रोल टाकी आतून गंजलेली असणार, तो गंज पंपात गेला की ३० हजारांचा फटका. २४ व्होल्टचं म्हणालात: स्टार्टर, ऑल्टरनेटर, पंपाचा सोलेनॉइड सगळं बोलेरोचं १२ चं. म्हणजे लाइट, वायपर, मीटर, अख्खं वायरिंग १२ वर आणा. अर्धं असं अर्धं तसं करू नका, मी अशा दोन गाड्या जळालेल्या बघितल्यात.

आणि ब्रेक. आधीच्या मालकानं बूस्टर (ब्रेक हलका करणारा डबा) बसवलाय का बघा. पेट्रोलच्या इनटेकमधून त्याला व्हॅक्यूम मिळतो. डिझेलला थ्रॉटलची झडप नाही, म्हणून व्हॅक्यूम नाही. ऑल्टरनेटरच्या मागं व्हॅक्यूम पंप असतो तोच घ्या, त्याला इंजिन ऑइलची नळी लागते, ती जोडायला विसरलात तर आठवड्यात पंप गेला.

टाकायचंच असेल तर मी टाटाचं ४९७ बघा म्हणेन, ४०७ टेम्पोतलं. ९७ चा बोअर, १०० चा स्ट्रोक, २९५६ सीसी. जोंगाच्या अंगाला ते माप बसतं. पण त्याआधी एक विचारतो, राग मानू नका. लिटरला चार म्हणजे गाडी आजारी आहे. धडधाकट जोंगा इतकी पीत नाही. ती शेवटची कधी नीट उघडली होती? गाडी १५ किलोमीटर चालवून उभी करा आणि चारी ड्रमांना हात लावून बघा.

कागदाचा_माणूस_पुणे

मी विम्याचा सर्व्हेअर आहे. तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे, पण मुळात हे कायदेशीर नाही, हे कुणीतरी लिहायला हवं.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्यानं ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. त्याच जातीचं, त्याच इंधनाचं इंजिन बदलणं वेगळं. ते आरटीओला कळवून, बिल जोडून आरसीवर चढवता येतं. मान्यताप्राप्त सीएनजी किटलाही वाट आहे. पण पेट्रोल जोंगात दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन, याला वाट नाही. पूर्वी एजंट काहीबाही करून चढवून देत असत. सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आल्यापासून तेही बंद झालं आहे.

"गावात कोण बघतंय" हे मला रोज ऐकावं लागतं. पोलीस बघत नाहीत, खरं आहे. मी बघतो. अपघात झाला की आधी चेसिस नंबर, मग इंजिन नंबर, मग आरसी. जुळलं नाही की पुढचं मालकानं आणि वकिलानं बघायचं. स्वतःच्या पत्र्याचं नुकसान सोसता येतं. समोरचा माणूस दगावला आणि भरपाई तुमच्या सातबाऱ्यावर आली, तर काय कराल? शिवाय १५ वर्षांवरची गाडी, दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंगला न्यायचीच आहे.

नाशिकचा_पोऱ्या

सर, माझ्या इंजिनाची नोंद २०१६ ची आहे, आरसीवर चढलेली आहे, एवढंच बोलतो 🙏

आजऱ्याचा जोंगावाला

मंडळी, चार महिने झाले, कळवायचं राहिलं. भातकापणीत अडकलो होतो.

सुभेदारसाहेबांनी सांगितलं तसं ड्रमांना हात लावला. तीन कोमट, मागचा डावा असा की बोट भाजलं. उघडला तर व्हील सिलिंडरचा एक पिस्टन गंजून बाहेरच अडकलेला, म्हणजे मी इतकी वर्षं ब्रेक लावून गाडी हाकत होतो. मग कार्ब्युरेटर उघडला. फ्लोटच्या सुईला खाच पडलेली, पेट्रोल वाहूनच जात होतं. एअर फिल्टरच्या भांड्यात ऑइलऐवजी चिखल. आणि चोकची तार आधीच्या कुणीतरी अर्ध्यावर बांधून ठेवलेली, तांब्याच्या वायरीनं, अगदी प्रेमानं. सगळं धरून ११ हजार खर्च आला, त्यातली सुई कोल्हापुरात गंगावेशीपासून शिवाजी उद्यमनगरापर्यंत फिरून शेवटी एका म्हाताऱ्याच्या पेटीत सापडली. त्यानं पैसे घेतले नाहीत, जोंगाचा आवाज ऐकवा म्हणाला.

आता लिटरला सहा देते. थोडी वरच.

हिशोब मांडला. वर्षाला तीन हजार किलोमीटर चालते. आधी ७५० लिटर लागायचं, आता ५००. डिझेल घालून दहा दिलं असतं तर ३०० लिटर. आजच्या भावानं वर्षाला फार तर पंचवीस हजार वाचले असते, आणि इंजिन, प्लेट, क्लच, वायरिंग, टाकी, रेडिएटर धरून मिस्त्रीचा खरा आकडा आला २ लाख २० हजार. नऊ वर्षं लागली असती फिटायला. तेवढ्यात मीच रिटायर. सर्व्हेअरसाहेबांचं सातबाऱ्याचं वाक्य घरात वाचून दाखवायला नको होतं, ते आता मला दर दोन दिवसांनी ऐकवलं जातं.

इसार बुडाला नाही. बोलेरोचं इंजिन चुलतभावानं घेतलं आणि गुऱ्हाळावर बसवलं, चरक्याला पट्टा लावून. तिथं त्याला ना घाट ना गिअर, गव्हर्नर आपला एका सुरात धरून ठेवतो. सुभेदारसाहेब म्हणाले ते खरं, ट्रॅक्टरच्या कुळातलं आहे.

एकच राहिलं. आंबोलीच्या पावसात डिस्ट्रिब्युटर भिजतो आणि गाडी सहावरून चारवर येते, सिलिंडर म्हणतोय मी, मायलेज नाही. परवा ओढ्यात मधोमध बंद पडली, पोरगं खांद्यावर बसून काठाला आलं. काय करू?

सुभेदार_ईएमई_सातारा

डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या आतून तडा आहे का उजेडात धरून बघा, असेल तर टोपी बदला. वायरी जुन्या असतील तर त्याही. आम्ही ओढ्याआधी पंख्याचा पट्टा सैल करून काढून ठेवायचो, कारण निम्मं पाणी पंखाच उडवतो. पलीकडं गेलं की लगेच चढवायचा, विसरायचं नाही.

झाकायला लोक रबरी हातमोजा घालतात, बोटांची टोकं कापून त्यातून एकेक वायर काढतात. मारुतीला ते जमतं. जोंगाला कॉइलची धरून सात वायरी, हाताला बोटं पाच. बुलेटची जुनी ट्यूब घ्या, वीतभर कापा, खालून चढवा आणि वर वायरींभोवती सुतळीनं बांधा. उन्हाळ्यात काढून ठेवा, आत घाम धरतो.